भाऊबिजेचा टोस्टर

दिवाळी अंकात टोस्टर! हे वाचून कित्येक भगिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. घरात चकल्या-अनारशांचा घमघमाट सुटलेला, आणि ह्या बाईला पाव भाजायचे सुचते आहे! पण जरा धीर धरा. भाऊबीज होते, पाहुणे आपापल्या घरी जातात, चिवड्याच्या डब्याच्या तळाशी नुसते तिखट-मीठ उरते, आणि मग एका सकाळी पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहतो: आज न्याहारीला काय? त्या सकाळसाठी हे पान आहे.

दुसरेही कारण आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, दर वर्षी मी साडी आणतो आणि तू ती कपाटात ठेवतेस. यंदा ओवाळणीत काय हवं ते तूच सांग."

मी म्हटले, "टोस्टर."

तो क्षणभर गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "नक्की ना? तुझ्या घरात पुन्हा टोस्टर येणार नाही, असं तूच म्हणाली होतीस."

म्हणाले होते खरी. आमच्या घरात अकरा वर्षे टोस्टर नव्हता. तो का नव्हता, हे आधी सांगायला हवे.

माझ्या माहेरी पत्र्याचा, दोन्ही बाजूंना दारे असलेला टोस्टर होता. दार उघडायचे, काप ठेवायचा, एक बाजू भाजली की दार उघडून काप उलटायचा. त्या यंत्राला स्वतःची अक्कल अशी नव्हतीच. सगळी अक्कल आईने वापरायची. ती ओट्यापाशी उभी, आणि आम्ही चौघे पाटांवर. दुधाकडे वळली, की इकडे पाव करपलाच! वडील सुरीने काळी पुटे खरवडत. ती खरखर आजही माझ्या कानांत आहे. फारच करपलेले काप आईच्या ताटलीत जात. "मला कडकच आवडतो," असे ती म्हणायची, आणि आम्हीही ते खरे मानायचो. पुढे ती माझ्याकडे महिनाभर राहायला आली, तेव्हा कळले की तिला मऊ, नुसता सोनेरी झालेला पाव आवडतो. तीस वर्षांत तिला कोणी विचारलेच नव्हते!

माझे लग्न झाले आणि काही वर्षांनी आम्ही आपोआप वर येणारा टोस्टर घेतला. निवडला कसा म्हणाल? चकाकीवर! आरशासारखा लखलखीत होता, ओट्यावर शोभून दिसला असता, बस्स. घरी आल्यावर लक्षात आले, की त्याच्या खाचा अरुंद. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव जाड कापलेला. तो आत जायचा रेटून आणि बाहेर यायचा मोडून. मी रोज सुरीच्या टोकाने तुकडे काढायची. हो, मीच काढायची. आणि माझी नऊ वर्षांची लेक ते रोज पाहायची.

एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना तिने स्वतः पाव लावला. काप अडकला, खटका वर येईना, धूर सुटला. आई रागावेल ह्या भीतीने तिने हाक मारली नाही. रोज आई करते तेच तिने केले. फक्त तिच्या हाताला सुरीऐवजी स्टीलचा काटा लागला. पाय अनवाणी, खाली ओली फरशी. किंकाळी ऐकून मी धावत आले, तेव्हा ती भिंतीपाशी पडली होती आणि काटा दाराशी. दैव बलवत्तर म्हणून हात सुटला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे चट्टे उठले, त्यांतला एक अजून दिसतो. त्याच दिवशी तो टोस्टर घराबाहेर गेला, आणि मी पुन्हा तव्याशी उभी राहिले.

राग शांत झाल्यावर, पुष्कळ उशिरा, मी हे यंत्र समजून घेतले. ते अवघड नाही. टोस्टरच्या पोटात निकेल आणि क्रोमियम ह्यांच्या मिश्रधातूची तार असते. ही तार लाल होईपर्यंत तापली तरी लवकर जळून तुटत नाही. अल्बर्ट मार्श ह्या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली तिचे पेटंट मिळवले, आणि म्हणूनच विजेचा टोस्टर शक्य झाला. ही तार बहुधा अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळतात, कारण अभ्रक उष्णता सोसते आणि त्यातून वीज वाहत नाही. पण लक्षात ठेवायची गोष्ट ही, की तार उघडी असते. आपल्या घरातल्या बाकीच्या वायरींना आवरण असते, हिला नसते. टोस्टरमध्ये सुरी घालणे म्हणजे उघड्या विजेला हात लावायला जाणे.

खटका खाली दाबला की आतला विद्युतचुंबक त्याला धरून ठेवतो. वेळ भरली की चुंबक सोडतो आणि स्प्रिंगने पाव वर येतो. (वीज नसताना खटका खाली टिकत नाही तो ह्यामुळेच. यंत्र बिघडले असे समजू नये.) पण काप खाचेत अडकला तर खटका वर येऊच शकत नाही, आणि तार तापतच राहते. आमच्याकडे झाले ते हेच. म्हणजे खाचेची रुंदी ही शोभेची नव्हे, जिवाची बाब आहे.

ह्या आपोआप टोस्टरचा इतिहासही मोठा बोलका आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चार्ल्स स्ट्राइट नावाचे गृहस्थ एका कारखान्यात कामाला होते. तिथल्या खानावळीत पाव नेहमी करपायचा, कारण त्याच्याकडे पाहत कोणीतरी सतत उभे राहावे लागे आणि त्याला इतर कामे असत. स्ट्राइट ह्यांनी असे यंत्र केले, की जे दोन्ही बाजू एकदम भाजील आणि वेळ झाली की आपण होऊन थांबेल. १९२१ साली त्यांना पेटंट मिळाले, आणि १९२६ च्या सुमारास ते यंत्र घरांत आले. हे वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. ह्या यंत्राचा जन्मच मुळी पावापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला मोकळे करण्यासाठी झाला. आणि आपण ते घेतो चकाकी पाहून!

तेव्हा भावाने विचारले, "कोणता आणू?" मी म्हटले, "तू आणू नकोस. मला घेऊन चल. आणि आमच्या आईंनाही."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी, बोटांत संधिवात. पहाटे पाचला त्यांना जाग येते, भूक लागते, पण गॅस पेटवायची आम्ही त्यांना मनाई केलेली. मी उठेपर्यंत बिचाऱ्या खिडकीशी बसून राहतात. सकाळी टोस्टर वापरणार त्याच, मग निवडायचाही त्यांनीच.

अशी आमची वरात तपकीर गल्लीत गेली. पुण्याच्या वाचकांना ती गल्ली सांगायला नको. विजेची वस्तू घ्यायची तर पाय आपोआप तिकडेच वळतात. दुकानात शिरताच मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि डब्यातून आमच्या बेकरीतल्या पावाचा काप.

दुकानदार म्हणाले, "ताई, इथं पाव भाजून मिळत नाही."

"भाजायचा नाही, मापायचा आहे," मी म्हटले.

पहिल्या टोस्टरमध्ये काप शिरेना. तो बाद. दुसऱ्यात शिरला, पण खटका घट्ट. सासूबाईंनी दोन्ही हातांनी जोर केला आणि म्हणाल्या, "हा माझं ऐकत नाही." तिसऱ्यावर सात बटणे आणि इंग्रजी अक्षरे. "ह्याला चष्मा लागेल, आणि पहाटे चष्मा शोधायला दिवा लागेल." दुकानदार हसले, पण त्यांनी स्टूल आणून दिले. "बसा आजी, सगळे दाखवतो."

चौथा साधा होता. रुंद खटका एका बोटाने खाली गेला. काप शिरून दोन्ही बाजूंना थोडी जागा उरली. खटका वर उचलला की काप खाचेच्या वर चांगला दीड बोट येई. हे फार महत्त्वाचे, म्हणजे लहान तुकडाही हाताने काढता येतो, सुरीचा मोहच होत नाही. भाजणे मध्येच थांबवायचे बटण ठळक होते. तळाशी चुऱ्याचा ट्रे होता, तो सहज ओढून बाहेर येई. हा ट्रे नसेल तर चुरा आत साठतो, जळतो, कधी पेटतोही. अंगावर आय.एस.आय. खूण होती आणि तिच्या खाली परवाना क्रमांक. हा क्रमांक खरा की खोटा, हे आता बी.आय.एस. केअर ह्या मोबाइल अ‍ॅपवर तिथल्या तिथे पाहता येते. भावाने पाहिले, खरा होता. किंमतही मधलीच होती.

"चार कापांचा घ्या की," दुकानदार म्हणाले. मोठ्या कुटुंबाला तो बरा, पण आधी भिंतीवरचा प्लग पाहा. दोन कापांचा टोस्टर साधारण ८०० वॉटचा असतो. तो साडेतीन अँपिअर वीज घेतो, म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या प्लगला चालतो. चार कापांचा १५०० वॉटच्या आसपास असला की त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग हवा. बिलाची मात्र चिंता नको. दोन काप भाजायला अडीच मिनिटे धरली, तरी तीस खेपांना कुठे एक युनिट होते.

टोस्टर घरी यायच्या आधी आणखी एक काम केले. आमच्या ह्यांनी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतले. आमच्या जुन्या घरात तिसऱ्या भोकात तार होती, पण ती कुठेच जोडलेली नव्हती! ती जोडून घेतली आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवला. वीज माणसाच्या अंगातून जमिनीत वाहू लागली की तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. अकरा वर्षांपूर्वी तो असता तर! तीन पिनांची वायर आहे, म्हणून दोन पिनांच्या जोडावर ती कधी लावू नका. चांगला टोस्टर वाईट प्लगवर लावला तर तो चांगला राहत नाही.

वापराच्या चार गोष्टी. लोणी-तूप पाव भाजल्यावर लावा, आधी नाही; ते आत गळून धूर होतो. पावाची लादी टोस्टरची नव्हे, तिला तवाच बरा. दुसऱ्या खेपेला टोस्टर आधीच तापलेला असतो, तेव्हा बहुतेक टोस्टरांत चकती थोडी मागे फिरवावी. आणि काप अडकलाच तर बटण बंद, पिन बाहेर, टोस्टर पूर्ण गार, मग उलटा करून हलवायचा. ह्या क्रमात बदल नाही.

रंग सोनेरीच ठेवा. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवले, की पिष्टमय पदार्थ भाजताना-तळताना अ‍ॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते घातक ठरले आहे, आणि पाव जितका काळपट, तितके ते अधिक. घाबरून पाव सोडायला नको, पण करपलेला काप कोणाच्याच ताटलीत जाता कामा नये, घरच्या गृहिणीच्या तर नाहीच.

भाऊबिजेला भावाने तबकात खोके ठेवले. लेक आता वीस वर्षांची आहे. ती खोक्याकडे जरा वेळ पाहत राहिली, मग तिनेच ते उघडले आणि आजीला सगळे समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी स्वयंपाकघरात आले, तर दिवा लागलेला, खमंग वास सुटलेला आणि सासूबाई खुर्चीवर बसलेल्या. हो, बसलेल्या. टोस्टर आम्ही जेवायच्या टेबलावरच ठेवला आहे. मी सवयीने कंबर खोचून ओट्याकडे निघाले, तर त्या म्हणाल्या, "अगं, बस आधी. गरम आहे तोवर खा."

टक्कन खटका वर आला. पहिला काप माझ्या ताटलीत पडला. मऊ, सोनेरी. त्यांनी विचारले, "असाच आवडतो ना तुला? की अजून थोडा?"

मला आईची आठवण आली, आणि घासाबरोबर आवंढाही गिळावा लागला.

तेव्हा भगिनींनो, टोस्टर घ्यायला जाल तेव्हा डब्यात पावाचा काप न्या, आणि बरोबर ते माणूस न्या, जे रोज त्याच्यापुढे असणार आहे. पावती आणि हमीपत्र जपून ठेवा. आणि घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः जी रोज शेवटी बसते तिला, एकदा विचारा, की तुला पाव कसा आवडतो.

ही दिवाळी तुम्हां सर्वांना सुखाची जावो.