मोजपट्टी कुणाच्या हातात?

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण लॉकयर साहेबाने इथून पाहिले आणि हेलियम शोधला, असे अभिमानाने सांगतात. खरे तर लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. साहेब लोक ग्रहण मोजत होते, त्या काळात गावकीने आमच्या पूर्वजांना ग्रहणात काय काम दिले होते? ‘दे दान, सुटे गिराण’ ओरडत दारोदार फिरण्याचे. एकाच्या हाती दुर्बीण, दुसऱ्याच्या हाती झोळी!

आज दुर्बिणीची जागा चिपने घेतली आहे. मासेमारीच्या ट्रॉलरवरचा फिश फाइंडर पाण्यात ध्वनी सोडतो. परत आलेल्या प्रतिध्वनीचा विद्युत संकेत आकड्यांत बदलते ते ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर नावाचे सर्किट. मोबाइलच्या माइकमागे, ईसीजी यंत्रात तेच असते. १६ बिटचा कन्व्हर्टर ५ व्होल्टचे ६५,५३६ भाग करतो. एक भाग साधारण ७६ मायक्रोव्होल्टचा. इतक्या बारीक फरकात उष्णता, शेजारच्या तारेची लुडबुड, ट्रान्झिस्टरचा स्वतःचा गोंगाट, सगळे सांभाळायचे. ही विद्या सहा महिन्यांच्या क्लासमध्ये येत नाही. जाणत्या इंजिनिअरशेजारी वर्षानुवर्षे बसून, फसलेल्या चिपा तपासून ती येते.

म्हणजे शेजारी बसू कोणाला देतात, हाच कळीचा प्रश्न. खासगी कंपनीत आरक्षण नाही. भरती बरीचशी ओळखीने होते, आणि ओळखी जातीच्या वाटेनेच चालत येतात. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की पात्रता सारखी असली तरी दलित आडनावाच्या अर्जाला खासगी कंपन्यांकडून बोलावणे कमी येते.

यावर मेरिटवाले म्हणतात, ‘सर्किटला जात नसते.’ बरोबर, नसते. मग सर्किटकडूनच शिका. कन्व्हर्टर हवेत मोजत नाही. आलेल्या व्होल्टेजची तुलना तो ठरलेल्या संदर्भ व्होल्टेजशी करतो. तो संदर्भच सरकला तर आकडे चुकतात, आणि चुकीचा आकडाही तितकाच नेमका दिसतो. तुमचे मेरिट नेमके दिसते, पण त्याचा संदर्भ कोणी ठरवला? ज्या घरात तीन पिढ्या इंजिनिअर आहेत, त्या घराने. वाडीतल्या पहिल्या पदवीधर मुलीला त्याच पट्टीने मोजायचे आणि ‘कमी भरली’ म्हणायचे, हा मोजणाऱ्याचा दोष आहे.

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखले होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. स्वतः बॅरिस्टर असूनही नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणावर समाजाचे भागणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हा पैसा जनतेचा आहे. म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. या पैशातून मदत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने डिझाइन विभागातली सामाजिक आकडेवारी जाहीर करावी आणि तिथे प्रतिनिधित्व द्यावे. बार्टीने स्पर्धा परीक्षांइतकेच बळ चिप डिझाइनच्या निवासी प्रशिक्षणाला द्यावे.

आणि तरुणांनो, एमपीएससीला आमचा विरोध नाही. शासनात आपली माणसे हवीतच. पण सगळ्या समाजाने एकाच दारात रांग लावायची आणि बाकीची दारे त्यांच्यासाठी मोकळी सोडायची, हे परवडणारे नाही. एनजीस्पाइस हे सर्किट तपासण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. स्कायवॉटर कंपनीच्या १३० नॅनोमीटर चिपनिर्मितीचे तपशील २०२० पासून सर्वांना खुले आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या चार मुलांनी विहारात एक संगणक ठेवून आठवड्यातून दोन संध्याकाळी बसायला सुरुवात करावी. जे शेजारी बसू देत नाहीत, त्यांची वाट किती पाहायची? आपणच एकमेकांच्या शेजारी बसू.

झोळी आपण टाकून दिली. आता मोजपट्टी हातात घ्यायची आहे.

जय भीम!