पैसा आमच्या नावाचा, हद्द त्यांची

निर्भया निधीचा हिशेब मागितला की आपल्यापुढे खरेदीची यादी ठेवली जाते. इतक्या गाड्या, इतके कॅमेरे, इतके बिनतारी संच, इतक्या कोटींचा नियंत्रण कक्ष. यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप असा आहे, की आपण मागितलं एक आणि ही यादी भलत्याच गोष्टीची आहे.

हा निधी कशातून आला ते आठवू या. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत बसमधून फेकून दिलेली तरुणी आणि तिचा मित्र रस्त्याच्या कडेला पडले होते. त्या मित्राने जानेवारी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की पोलिसांच्या गाड्या आल्या, पण प्रकरण कोणत्या ठाण्याच्या हद्दीतलं यावर पोलिसांत वाद होत राहिला आणि वेळ गेला. पोलिसांनी हे नाकारलं. पण देशभरच्या बायकांना ते ऐकून नवल वाटलं नाही, कारण 'ही आमची हद्द नव्हे' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या ठाण्यात ऐकलेलं आहे. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीवर बलात्कार करून तिला मारलं गेलं, तेव्हाही तिच्या घरच्यांना हद्दीच्या कारणावरून एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं गेलं होतं. दिरंगाईबद्दल तीन पोलीस निलंबित झाले. निधी येऊन तोवर सहा वर्षं झाली होती. गाड्या आल्या होत्या, हद्द होती तिथेच होती.

या प्रश्नाची तांत्रिक बाजू आपण पुरुष अधिकाऱ्यांवर सोडून देतो. ती समजून घ्यायला अवघड नाही. पोलिसांचे बिनतारी संच पोलिसांच्या वारंवारितेवर चालतात, अग्निशामक दलाचे त्यांच्या वारंवारितेवर. रुग्णवाहिकेचं काम बहुतांशी फोनवर. एकाचं बोलणं दुसऱ्याला थेट ऐकू जात नाही. मोबाइल असताना बिनतारी कशाला, असं कोणी विचारेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइल मुके झाले होते. अशा दिवसांत बाळंतपणं थांबत नाहीत आणि नवऱ्याचा हातही थांबत नाही. म्हणून वेगवेगळ्या यंत्रणांचे संच एकमेकांशी बोलू शकणं ही चैन नव्हे, गरज आहे. त्यासाठी सरकारी अनुदान मिळालंच पाहिजे. वाद आहे तो अनुदान कशाच्या बदल्यात द्यायचं यावर.

याबाबत अमेरिकेचा अनुभव बघण्यासारखा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यू यॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होतं की मनोरा कोसळणार. तो इशारा आत जिने चढणाऱ्या अग्निशामक दलाच्या अनेक जवानांपर्यंत पोचला नाही. दोन्ही दलांचे संच एकमेकांना जोडलेले नव्हते. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ३४३ जण गेले. त्यानंतर तिथल्या केंद्र सरकारने २००७ मध्ये ५६ राज्यं आणि प्रदेशांना एकमेकांशी बोलू शकणाऱ्या संचांसाठी सुमारे ९७ कोटी डॉलर अनुदान दिलं. पण तिथल्याच सरकारी तज्ज्ञांनी लिहून ठेवलं आहे, की जोडणीची अंगं पाच: निर्णय कोणी घ्यायचा याची व्यवस्था, कामाची ठरलेली पद्धत, तंत्रज्ञान, प्रशिक्षण आणि सराव, आणि रोजचा वापर. यंत्र हे पाचांतलं एक. उरलेली चार म्हणजे माणसांनी आपापला अधिकार थोडा सोडून दुसऱ्याशी करार करणं. ते बाजारात विकत मिळत नाही. ठेकेदाराला त्यात नफा नाही आणि मंत्र्यांना त्याची फीत कापता येत नाही.

आता आपल्याकडे या. निर्भया निधीतून ३२१.६९ कोटी रुपयांची आपत्कालीन प्रतिसाद योजना आली. ११२ हा एकच क्रमांक नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरू झाला, २०२१ मध्ये महाराष्ट्रात आला. पोलीस, आग, रुग्णवाहिका, महिला मदतवाहिनी, सगळं एका क्रमांकावर. कल्पना चांगली आहे, आपण तिचं स्वागतच केलं पाहिजे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की २०१९-२१ मध्ये देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल होता. बाकीच्यांनी कोणाच्या फोनवरून ११२ लावायचा? मारणाऱ्याच्या? आणि फोन लागल्यावर काय होतं? आमच्या कामात वारंवार दिसतं ते असं: गाडी येते, नवऱ्याला दोन शब्द सुनावते आणि जाते. सखी केंद्राला कळवलं जात नाही, संरक्षण अधिकाऱ्याला पत्ता नसतो. दुसऱ्या दिवशी बाई ठाण्यात, मग दवाखान्यात, मग केंद्रात तीच कहाणी पहिल्यापासून सांगते. क्रमांक एक झाला, पण यंत्रणा एक झाली नाही. जोडणीचं ओझं आजही तिच्याच डोक्यावर आहे.

यंत्रं तरी आपल्यासाठी राहतात का? जून २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी या निधीतल्या ३० कोटींतून गाड्या घेतल्या, त्यांत २२० बोलेरो होत्या. त्यातल्या ४७ बोलेरो पुढच्याच महिन्यात शिंदे गटाच्या आमदार-खासदारांच्या सुरक्षेसाठी मागवून घेतल्याची बातमी डिसेंबर २०२२ मध्ये इंडियन एक्स्प्रेसने दिली. बातमी आली तोवर सगळ्या परतही आल्या नव्हत्या. ज्या निधीला एका मेलेल्या मुलीची ओळख चिकटवली, त्यातली गाडी पुढाऱ्याच्या मागे धावते!

आणि फोन उचलणाऱ्या बायकांचं काय? उत्तर प्रदेशात १८१ वाहिनीवरच्या सुमारे साडेतीनशे महिला कर्मचाऱ्यांना जून २०२० मध्ये घरी बसवलं गेलं. त्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. टाळेबंदीत घरातली हिंसा वाढल्याचं जगभर बोललं जात होतं, त्याच दिवसांत हे झालं. संच विकत घ्यायला पैसा आहे, संचापलीकडच्या बाईला द्यायला नाही.

काही मैत्रिणी विचारतील, पोलिसांच्या हाती आणखी यंत्रं द्यायला आपण का सांगावं? शंका रास्त आहे. जोडणी म्हणजे जास्त कानांपर्यंत जाणं. साध्या बिनतारी संचावर बाईचं नाव, पत्ता, 'बलात्काराची केस' असं उच्चारलं गेलं तर ते त्याच वारंवारितेवरच्या कोणालाही ऐकू येतं. म्हणूनच हा विषय अभियंत्यांवर सोडायचा नाही. संचावर काय बोलायचं, काय नाही, माहिती कोणाकडे जाईल आणि तिची संमती कुठे घ्यायची, हे ठरवताना आपण तिथे असलं पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक, पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका आणि सखी केंद्र यांच्यात जिल्हा पातळीवर लेखी कार्यपद्धती होऊन ती मराठीत प्रसिद्ध झाल्याशिवाय अनुदानाचा पुढचा हप्ता देऊ नये. दोन, दर सहा महिन्यांनी दोन ठाण्यांच्या सीमेवरून फोन लावून संयुक्त सराव व्हावा आणि स्त्री संघटनांना तो पाहता यावा. तीन, किती संच घेतले हे मोजू नका. फोन केल्यापासून बाई सुरक्षित जागी पोचायला किती वेळ लागला, तिला किती वेळा तेच सांगावं लागलं, हद्दीच्या नावाखाली कितीजणींना परत पाठवलं, हे मोजा आणि जाहीर करा. चार, मदतवाहिनी आणि सखी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना कायम नेमणूक आणि दरमहा वेळेवर पगार याच निधीतून मिळावा. पाच, बिनतारी संचावर पीडितेची ओळख उघड करणाऱ्यावर कारवाई व्हावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कोणत्याही हद्दीतल्या गुन्ह्याची नोंद कोणत्याही ठाण्यात घेणं कायद्यात लिहिलं आहे. म्हणजे हद्दीची सबब आता कायद्याला मान्य नाही. प्रत्येक गटाने आपल्या जिल्ह्यात माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज टाकावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: निर्भया निधीतून काय आलं, ते आज कोण वापरतं, आणि या यंत्रणांनी एकत्र काम कसं करायचं याचा लेखी कागद आहे का. उत्तरं आली की ती सगळ्या जिल्ह्यांची एकत्र मांडू. पैसा आपल्या नावाने येतो, तेव्हा हिशेबही आपल्याच भाषेत द्यावा लागेल.