विषाणू की जिवाणू? एक चुकीचा प्रश्न

कला शाखेच्या विद्यार्थ्याने जंतूंवर लेख लिहावा, हे संपादक मंडळातील मित्रांना प्रथम जरा विचित्रच वाटले. “कविता दे, नाहीतर प्रवासवर्णन दे,” असे त्यांचे म्हणणे. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या खोलीवर जे घडले, त्यानंतर या विषयाने माझा पिच्छा सोडला नाही. आणि वाचता वाचता असेही ध्यानात आले, की हा विषय जितका शास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचा आहे.

घडले ते असे. माझ्या खोलीतील मित्राला फ्लू झाला. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून त्याने अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या आणल्या. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागितली नाही. तीन गोळ्या पोटात गेल्या, चौथ्या दिवशी ताप उतरला, श्रेय अर्थातच गोळ्यांना मिळाले आणि स्वारी स्नेहसंमेलनाच्या तालमीला हजर झाली. सातव्या दिवशी रात्री हुडहुडी भरून पुन्हा ताप आला. बरगडीत कळ येऊ लागली, खोकल्यातून गंजाच्या रंगाचा बेडका पडू लागला. “फ्लूच उलटला असेल, झोपून राहा,” असा सल्ला वडीलधाऱ्यांनी दिला. उरलेल्या तीन गोळ्या त्याने घेतल्या आणि आम्ही दीड दिवस वाट पाहिली. पुढचे आठ दिवस रुग्णालयात गेले. तेथे बेडका तपासायला पाठवला, तर त्यात काहीच वाढले नाही. “आधी कोणती गोळी घेतलीस?” असे डॉक्टरांनी विचारले, तर त्याला नाव सांगता येईना. नको तेव्हा घेतलेल्या आणि नेमक्या नको तितक्याच घेतलेल्या त्या गोळ्यांनी आजार तर बरा केला नाहीच, पण गुन्हेगाराचे ठसे मात्र पुसून टाकले!

मित्र बरा होऊन आला, तेव्हा खोलीवर वाद रंगला. त्याला नक्की झाले काय होते? फ्लू, म्हणजे विषाणूचा आजार. की न्यूमोनिया, म्हणजे जिवाणूचा? माझे मत असे, की हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि तो चुकीचा असल्यामुळेच आपण औषध घेतो ते फार लवकर, आणि डॉक्टरांकडे जातो ते फार उशिरा.

ही चूक करणारे आपण पहिले नव्हे. १८९२ साली बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर या नामवंत शास्त्रज्ञाने फ्लूच्या रुग्णांच्या घशात एक जिवाणू पाहिला आणि फ्लूचा कर्ता सापडला असे जाहीर केले. पुढे १९१८ च्या साथीत पुष्कळ रुग्णांत तो जिवाणू सापडेना, तेव्हा शास्त्रज्ञ गोंधळले. खरा कर्ता, म्हणजे विषाणू, माणसाच्या शरीरातून वेगळा करण्यात लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांना १९३३ साली यश आले. फायफरचा जिवाणू निर्दोष ठरला, परंतु त्याचे शास्त्रीय नाव आजही ‘हीमोफिलस इन्फ्लुएंझी’ असेच आहे. एकदा लागलेला कलंक पुसत नाही तो असा. गंमत म्हणजे, तो अगदीच निर्दोष नव्हता. फ्लू त्याने केला नव्हता हे खरे. पण फ्लूने झोडपलेल्या फुप्फुसात शिरून माणसे मारणाऱ्यांत तो होता.

न्यूमोनियाचा जंतू बाहेरून कोठून तरी येतो, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तो घरचाच असतो. न्यूमोकॉकस हा जिवाणू धडधाकट माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाघशात बिनबोभाट राहतो. सुमारे एकतृतीयांश प्रौढांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस असतो. निरोगी फुप्फुस मात्र संपूर्ण निर्जंतुक असते, असे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. २०१० च्या सुमारास जिवाणूंची जनुके वाचण्याच्या नव्या पद्धती वापरल्या, तेव्हा तेथेही तुरळक वस्ती आढळली. तोंडाघशातून काही जंतू सतत खाली घसरतात आणि सतत बाहेर लोटले जातात. येणारे आणि जाणारे यांचा मेळ जमलेला असतो. एस. टी. स्टँडासारखे समजा ना! गर्दी रोज असते, पण मुक्कामाला कोणी राहत नाही.

फ्लूचा विषाणू हे जाणे बंद पाडतो. श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक लव असते. ती चिकट स्राव वर ढकलत राहते आणि त्याबरोबर जंतूही बाहेर जातात. विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. झाडणारे हात गेले, अस्तर सोलले, खालचा भाग उघडा पडला. त्यात विषाणूपाशी एक विकर असते, ते पेशींवरचा सायलिक आम्लाचा थर कापून काढते. त्यामुळे न्यूमोकॉकसला चिकटायला जागा मिळते आणि तो कापलेला अंश खायलाही मिळतो. एवढ्यावर भागत नाही. फुप्फुसाच्या वायुकोशांत जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींचा पहारा असतो. विषाणूशी झुंजताना शरीर जे इंटरफेरॉन-गामा नावाचे द्रव्य तयार करते, तेच या पहारेकऱ्यांना मंद करते, असे २००८ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. म्हणजे एका शत्रूशी लढण्याच्या भरात शरीर दुसऱ्यासाठी वेशीवरचा पहारा ढिला करते. मला या साऱ्यात सर्वांत हलवून गेली ती हीच गोष्ट.

यात क्रमालाही महत्त्व आहे. २००२ साली अमेरिकेतील मेम्फिस येथील प्रयोगांत उंदरांना आधी फ्लू आणि सात दिवसांनी न्यूमोकॉकस दिला, तेव्हा ते सगळे मेले. क्रम उलटा केला, तर जगण्याचे प्रमाण उलट सुधारले. जोडी तीच, पण आधी कोण आणि मागून कोण यावर निकाल ठरला. माणसांतही फ्लूनंतर न्यूमोनिया झालेल्या कित्येक रुग्णांच्या श्वसनमार्गात जिवाणूंची विविधता घटून एखादी जात माजलेली दिसते. सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत. तपासणीपूर्वीच रुग्णाच्या पोटात अँटिबायोटिक गेलेले असते, हे त्याचे एक कारण. आमच्या मित्राच्या बेडक्याची गोष्ट येथेही भेटते.

आता इतिहासाकडे येतो. १९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. मुंबईत ती जूनमध्ये सौम्य रूपात आली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकेका दिवशी शेकड्यांनी माणसे नेऊ लागली. हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी अधिक लोक गेले. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. कवी निराला यांची पत्नी आणि घरातील अनेक माणसे याच साथीत गेली. ही माणसे कशाने मेली? अमेरिकेतील मोरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची यांनी २००८ साली त्या काळच्या ५८ शवविच्छेदनांतील जपून ठेवलेले फुप्फुसाचे तुकडे तपासले आणि जुन्या प्रकाशित नोंदींतील ८,३९८ शवविच्छेदने चाळली. बहुसंख्य मृत्यूंच्या मागे फ्लूपाठोपाठ आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया होता. केवळ विषाणूने झपाट्याने मेलेलेही होते. पण पुष्कळांचा अंत आजार सुरू झाल्यावर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास झाला होता.

मुंबईच्या नोंदींतील एक आकडा मला विसरता येत नाही. ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून ज्यांची गणना केली गेली, त्यांच्यात हजारी ६१.६ माणसे मेली, युरोपियनांत ८.३. विषाणूला जात कळत नाही. पण चाळीतील एका खोलीत दहा-दहा माणसे निजतात, पावसाने दगा दिलेल्या वर्षी पोटात अन्न नसते, तापात पाणी द्यायला कोणी उरत नाही, तेव्हा त्या दुसऱ्या हल्ल्याला रान मोकळे मिळते. ‘स्पॅनिश फ्लूने माणसे मेली’ असे एका ओळीत लिहिले, की हे सगळे झाकले जाते. परीक्षेत आपण ‘कारणे लिहा’ या प्रश्नाला पाच कारणे क्रमांक घालून लिहितो. एका कारणाने दुसऱ्याला दार कसे उघडून दिले, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्या काळी पेनिसिलिन नव्हते म्हणून तसे झाले, असे कोणी म्हणेल. अंशतः खरे आहे. पण २००९ च्या साथीत, ज्या साथीतला भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, अमेरिकेत ७७ मृतांचे नमुने तपासले तेव्हा २२ जणांत जिवाणूंचा संसर्गही आढळला. औषधे असूनही! म्हणून ‘फ्लू विषाणूचा, सबब अँटिबायोटिक कधीच नको’ ही अर्धवट शहाण्याची घोषणाही मला पटत नाही. पहिल्या दिवशी ते नकोच. विषाणूवर ते चालत नाही, आणि उगाच घेतल्याने दाद न देणारे जंतू तेवढे पोसले जातात. पण उतरलेला ताप पुन्हा चढला, धाप लागली, छातीत कळ आली, तर कदाचित तेच औषध जीव वाचवील. कोणते आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. दुकानदाराने नव्हे आणि वसतिगृहातील सोबत्यानेही नव्हे.

दक्षिण आफ्रिकेत सोवेटो येथे सुमारे ३७ हजार बालकांवर एक चाचणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, न्यूमोकॉकसची लस दिलेल्या मुलांत विषाणूंशी निगडित न्यूमोनियाने रुग्णालयात जाण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झाले. लस जिवाणूवरची, आणि घटला तो ‘विषाणूचा’ न्यूमोनिया! विषाणू की जिवाणू, हा आमच्या खोलीवरचा वाद मी याच दाखल्याने मिटवला. ही लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली.

वसतिगृहाच्या सूचना फलकावर जेवणाच्या वेळा, दिवे मालवण्याची वेळ आणि थकबाकीदारांची नावे असतात. त्यांच्या शेजारी दोन ओळींची जागा मिळावी, असा अर्ज मी दिला आहे: तापाच्या पहिल्या दिवशी मनाने गोळ्या आणू नका, आणि गेलेला ताप परत आला तर सकाळची वाट पाहू नका. अर्ज अजून विचाराधीन आहे.