वसई बघताना पायाखालीही बघा

वसई-विरारला फिरायला येणारे बहुतेक जण जीवदानीच्या हजारावर पायऱ्या चढतात, देवीचं दर्शन घेतात, वरून खाडी, समुद्र आणि इमारतींचा पसारा बघतात आणि परतीची लोकल पकडतात. जीवदानी जरूर करा. पण या शहराचं मोठं धन जमिनीखाली आहे. त्यासाठी वेगळी सवड काढा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आधी नालासोपारा पश्चिमेला बुरुड राजाच्या कोटावर जा. हा प्राचीन शूर्पारक बंदरातला बौद्ध स्तूप. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा मधल्या विटांच्या कोठीत दगडी पेटी मिळाली. आत ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि एकात एक बसवलेले करंडक होते: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात सोन्याची फुलं आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, नवव्याचा १९५६ साली भुईगावला. आज कोटावर विटांचं टेकाडच दिसतं आणि लोक पाच मिनिटांत माघारी फिरतात. तुम्ही थोडं वाचून जा आणि तासभर थांबा.

मग वसईचा किल्ला. पडक्या चर्चच्या भिंतींवर फोटोसाठी चढू नका, दगड सुटलेले आहेत. सॅन सेबास्टियन बुरूज मात्र चुकवू नका. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग पेरून इथला तट खालून उडवला आणि पोर्तुगिजांची दोनशे वर्षांची सत्ता संपली. बुरुजात भुयार आहे. त्यात एकट्याने शिरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको. माहीतगार माणूस आणि चांगली बॅटरी बरोबर हवी, मुलं बाहेर थांबलेली बरी.

शेवटी वाड्यांतून फिरा आणि बावखल बघा. शेतीसाठी पूर्वजांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यांत साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या. मला विचाराल तर किल्ल्याइतकंच हे वसईचं वैभव आहे, आणि भराव घालून तेच भराभर बुजवलं जात आहे. बावखल बहुधा खासगी वाडीत असतं, तेव्हा घरच्यांना विचारूनच आत जा. त्यांना विहिरीच्या पाण्याबद्दल विचारा, ती माणसं आपुलकीने सांगतात. आणि तुम्ही इथलेच रहिवासी असाल, तर तुमच्या आळीतल्या बावखलात मातीचा डंपर रिकामा होताना दिसल्यावर त्याच दिवशी तलाठ्याकडे आणि महापालिकेत लेखी तक्रार द्या. सोबत फोटो जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.