भिंतीवरचे चित्र कोणाचे?

रेक्स व्हिसलर हा इंग्रज चित्रकार पुस्तकांसाठी चित्रे काढीत असे. वेल्समधील प्लास नेविद या सरदारवाड्याच्या भोजनगृहासाठी त्याने १९३६-३७ साली सुमारे ५८ फूट लांबीचे चित्र रंगविले. त्यात समुद्र, डोंगर व काल्पनिक नगर आहे. आणि हाती झाडू घेतलेला माळी म्हणजे स्वतः चित्रकारच! १९४४ साली तो युद्धात कामी आला.

वाडा खाजगी, म्हणून चित्रही खाजगी, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. धन्याने भिंत दिली. तिला जीव दिला तो कलावंताने. पुस्तकातले चित्र घरोघरी जाते. भिंतीवरचे जागचे हलत नाही. त्याच्याकडे लोकांनाच जाता आले पाहिजे. १९७६ साली तो वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला, हे उचितच झाले. मुलांनो, कला जपावी. पण कोंडून ठेवू नये.