लस दिली, आता विचारपूसही करा

२०२१ मध्ये कोरोनाची लस घेतली की को-विनचा संदेश यायचा : डोस झाला, प्रमाणपत्र घ्या. ऑस्ट्रेलियात लसीनंतर काही दिवसांत मोबाईलवर विचारतात, ‘काही त्रास झाला का?’ चांदूर बाजारच्या वस्त्यांतल्या बाळांसाठी आम्हाला तशी विचारणा हवी. मराठीत आणि आईच्या नंबरवर. जिच्याकडे मोबाईल नाही, तिच्या घरी आशाताईने जावे.

पेंटाव्हॅलंट दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना देतात. नंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. हे कोणी सांगितले नाही, की भीतीपोटी पुढचा डोस चुकतो.

मायबहिणींनो, संदेशाची वाट पाहू नका. झटका आला, बाळ सुस्त पडले, तर लगेच दवाखान्यात न्या. त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते. नोंद करून घेणे हा आपला हक्क आहे.