एक थेंब तेल, पण कुठे?



मागच्या खेपेस आपण पितळेची भांडी कशी उजळावीत ते पाहिलं. या खेपेस जरा आवाजाच्या वस्तूंकडे वळू या. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कपाटाच्या माथ्यावर एखादा टेपरेकॉर्डर नाहीतर चावीचा ग्रामोफोन अजून आहे. वापरात नाही, पण टाकून द्यायला मन होत नाही. अशा वस्तूला तेल कुठलं घालावं, हा प्रश्न अगदी साधा वाटतो. आम्हालाही तसाच वाटला होता. पुढे पस्तावलो, म्हणून हे लिहितो.

1979 साली आमचे मामा मुंबईहून लोदला आले, तेव्हा आईनं त्यांच्याबरोबर एक कॅसेट पाठवली. लिहिण्यापेक्षा बोललेलं बरं, असं तिचं म्हणणं. त्यात घरची खुशाली, शेजारच्या बातम्या, आंबे यंदा कमी आले ही तक्रार, आणि शेवटी बहिणीच्या लग्नात गायलेली मेंदीची दोन गाणी. आई 1983 साली गेली. तिचा आवाज म्हणून आमच्याजवळ तेवढी एक कॅसेट.

दोन वर्षांपूर्वी शब्बाथ सुटल्यावर आमची नात म्हणाली, "सबा, तुझ्या आईचा आवाज ऐकव ना." आम्ही टेपरेकॉर्डर काढला. बटण निम्म्यातच अडकलं, चाकं कुरकुरली. मग काय, स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं आणि जे जे फिरताना दिसलं त्यावर सोडलं! पाच-दहा मिनिटं छान चाललं. मग आईचा आवाज लांबायला लागला, रडवेला झाला, आणि फीत आत गुंडाळली जाऊन तुटली. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याही.

रामलेला एक म्हातारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे यंत्र नेलं. त्यांनी झाकण उघडून आम्हाला जवळ बसवलं आणि तीन गोष्टी सांगितल्या: वेगानं फिरणाऱ्या धातूला पातळ तेल, हळू सरकणाऱ्या भागाला ग्रीस, आणि रबराला काहीसुद्धा नाही. या तीन गोष्टी नीट समजून घेऊ.

पहिली, पातळ तेल. टेपरेकॉर्डरमध्ये एक बारीक पोलादी दांडी असते, तिला कॅप्स्टन म्हणतात. रबरी चाक फितीला या दांडीवर दाबतं आणि फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकते. दांडी ज्या बेअरिंगमध्ये फिरते ते बहुधा कांशाचं, सूक्ष्म छिद्रांचं असतं. स्पंजसारखं ते तेल पिऊन राहतं. तिथे शिलाई मशीनचं पातळ, स्वच्छ तेल चालतं. ग्रीस घातलं तर छिद्रं बुजतात. आणि तेल किती? बाटली उलटी करायची नाही. टाचणीचं टोक बुडवायचं, त्यावर येईल तेवढा एकच थेंब. वर सांडलेलं लगेच टिपायचं.

दुसरी, ग्रीस. बटणांच्या खालचे पत्रे आणि तरफा पुढे-मागे घसरतात. तिथे पातळ तेल टिकत नाही, वाहून जातं. कारखान्यात लावलेलं ग्रीस चाळीस वर्षांत मेणासारखं घट्ट झालेलं असतं, म्हणूनच आमचं बटण अडकलं होतं. ते आधी पुसून काढायचं, मग नवं अगदी पातळ लावायचं. जुन्यावर नवं थापू नये. जवळ प्लास्टिक असेल तर डब्यावर 'प्लास्टिकला चालतं' असं लिहिलेलं पाहूनच ग्रीस घ्यावं, कारण काही ग्रीसांनी प्लास्टिक तडकतं.

तिसरी, रबर. पट्टा आणि रबरी चाक यांचं काम पकडण्याचं. त्यांना तेल लागलं की ती घसरतात, पट्टा फुगून सैल होतो. आईचा आवाज लांबला तो त्यामुळेच. हे भाग आणि फीत जिथून जाते ती वाट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसायची, बस्स.

आता खोबरेल का नाही? आजीला विचारा, हिवाळ्यात बाटलीत काय होतं! ते थिजतं. स्वयंपाकाची बाकीची तेलं हवा लागून चिकट होतात आणि त्यावर आपल्याकडची खमसीनची धूळ बसते. गंजलेला स्क्रू सोडवायचा स्प्रेही नको. बिजागरीला ठीक, पण इथे तो रबरापर्यंत उडतो आणि बेअरिंगमधलं चांगलं तेल धुऊन नेतो.

ग्रामोफोनवाल्यांसाठी दोन शब्द. चावी देताना किंवा तबकडी फिरताना आतून धाडधाड आवाज आला तर समजावं की स्प्रिंगमधलं ग्रीस वाळलं. तिथे ग्रॅफाइटचं ग्रीस लागतं. पण मुलांनो, स्प्रिंगचा डबा घरी कधीही उघडायचा नाही! आतली लांब पोलादी पट्टी सुटली तर बोटं कापते. ते काम जाणत्याचंच. वेग सांभाळणारी तीन वजनं गरगर फिरतात, तिथल्या टोकांना मात्र पातळ तेलाचा थेंब पुरतो. आणि जुन्या 78 च्या तबकड्या अल्कोहोलनं पुसू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

कुठलंही यंत्र उघडण्याआधी विजेची वायर काढायची, आणि मुलांनी मोठ्यांना बसवूनच हात घालायचा. शिवाय मोलाची कॅसेट पहिल्यांदा लावू नये. आधी एखादी बिनकामाची लावून पाहावी. आम्ही एवढं केलं असतं तरी भागलं असतं.

कारागिरांनी पट्टा बदलला, कॅसेट उघडून फीत सरळ केली आणि तुटलेली टोकं जोडली. बोटाएवढा तुकडा चुरगळला होता, तो कापावा लागला. मग मुलानं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. मेंदीची दोन्ही गाणी शाबूत आहेत. फक्त "आंबे यंदा" म्हटल्यावर आई एकदम शेजारणीच्या सुनेबद्दल बोलायला लागते.

नात दर वेळी तिथे थांबवते आणि विचारते, "सबा, आंब्यांचं काय?" आम्ही सांगतो, "कमी आले."

आता वर्षातून एकदा तेल घालायचं काम तिचं. टाचणी तिच्या हातात, कापड आमच्या.

पुढच्या अंकात भेटू. शालोम!